काउंटरवर ठरणारी खोली

प्रश्न : पत्र लिहिणारे गृहस्थ पन्नाशीला टेकले आहेत. कामानिमित्त सतत प्रवास असतो आणि गेली सहा वर्षं ते शक्यतो एकाच आंतरराष्ट्रीय हॉटेलसाखळीत उतरतात. तिथल्या सदस्यत्वाच्या कार्यक्रमात (जितक्या जास्त रात्री, तितकी वरची श्रेणी आणि सवलती) त्यांचं वरच्या श्रेणीतलं स्टेटस आहे आणि यंदा ते टिकायला चारच रात्री कमी पडताहेत. डिसेंबरमध्ये लग्नाला वीस वर्षं पूर्ण होतात, म्हणून ते आणि पत्नी एका मोठ्या शहरात नेमक्या चार रात्री राहणार आहेत. एक पर्याय साखळीतल्या हॉटेलचा आहे. तिथे साधी खोली घ्यायची, स्टेटसवर स्वीट, म्हणजे बैठकीची वेगळी जागा असलेली मोठी खोली, मिळेल अशी आशा ठेवायची आणि उरलेल्या चार रात्रीही पूर्ण करायच्या. दुसरा पर्याय त्यांच्या साखळीबाहेरच्या एका नावाजलेल्या लक्झरी हॉटेलचा आहे. दर साधारण तीस टक्क्यांनी जास्त, पण तिथली सर्वांत साधी खोलीही प्रशस्त. "तिथे मात्र मी कोणीच नसेन," असं ते लिहितात. त्यांनी हिशेबही दिला आहे : दोन वर्षांत ३१ मुक्काम, त्यांपैकी ६ वेळा स्वीट. एका रात्रीचे मुक्काम १९, त्यात ५ वेळा. एकाहून जास्त रात्रींचे १२, त्यात एकदा, तेही मंदीच्या दिवसांत दोन रात्रींसाठी. गेल्या वर्षी पत्नीच्या वाढदिवसाला स्वीट मिळाला नाही, तेव्हा काउंटरवर वीस मिनिटं वाद झाला आणि ती संध्याकाळ फुकट गेली. पत्नीचं म्हणणं एवढंच आहे : "मला मोठी खिडकी हवी. आणि कुठली खोली मिळणार ते निघण्याआधी माहीत हवं." पत्राच्या शेवटी ते जाता जाता सांगतात, की पुढच्या वर्षी कामाचं स्वरूप बदलतंय आणि प्रवास निम्म्याहून कमी होईल. त्यांचा प्रश्न : इतक्या वर्षांची निष्ठा चार रात्रींसाठी सोडणं शहाणपणाचं आहे का?

उत्तर :

नमस्कार. आधी माझ्याविषयी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं मी कशाच्या जोरावर बोलते आहे ते कळेल. लिहिण्याकडे वळण्याआधी नऊ वर्षं मी हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमध्ये काम केलं. तुम्ही ज्या काउंटरसमोर वीस मिनिटं उभे होतात, त्याच्या पलीकडे मी होते. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला तुमचा चेहरा दिसला आणि पलीकडच्या त्या मुलीचाही.

सकाळी साडेसातला आमच्या हातात त्या दिवशीच्या पाहुण्यांची यादी यायची. नावासमोर श्रेणी, किती रात्री, कुठल्या प्रकारची खोली घेतली आहे, आधीच्या मुक्कामाच्या नोंदी. मग आम्ही खोल्या ब्लॉक करायला, म्हणजे कुणाला कुठली खोली ते ठरवायला, बसायचो. एक दिवस मला अजून आठवतो. हॉटेलात स्वीट अकरा. त्यांतले सात पैसे मोजून विकलेले, दोन दुरुस्तीसाठी बंद, एक आदल्या रात्रीच्या पाहुण्याने मुक्काम वाढवल्यामुळे अडकलेला. उरला एक. आणि यादीत वरच्या श्रेणीचे चौदा सदस्य. त्या चौदांपैकी प्रत्येकाला वाटत होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं, की इतक्या वर्षांत आपण हे कमावलं आहे. आम्ही तो एक स्वीट एका रात्रीसाठी येणाऱ्या पाहुण्याला दिला. कारण तो स्वीट दुसऱ्या दिवसापासून तीन रात्री विकला गेला होता, आणि ज्यांचा मुक्काम लांबचा होता त्यांना तो देणं शक्यच नव्हतं.

आता तुमचे आकडे पुन्हा पाहा. एका रात्रीच्या १९ मुक्कामांत ५ वेळा स्वीट. लांबच्या १२ मुक्कामांत एकदा. तुम्हाला हे नशिबाचे चढउतार वाटत असतील, पण यामागे यंत्रणा आहे. बहुतेक कार्यक्रमांच्या अटींमध्ये अपग्रेड, म्हणजे घेतलेल्या खोलीपेक्षा वरची खोली, "उपलब्धतेनुसार" असतं, आणि हॉटेलं ती उपलब्धता सगळ्या मुक्कामासाठी मोजतात. एक रात्र मोकळा असलेला स्वीट रोज कुठे ना कुठे सापडतो. लागोपाठ चार रात्री मोकळा असलेला, तोही डिसेंबरमध्ये, मोठ्या शहरात? असा स्वीट रिकामा ठेवणाऱ्या रेव्हेन्यू मॅनेजरला, म्हणजे खोल्यांचे दर आणि विक्री सांभाळणाऱ्याला, महिन्याच्या बैठकीत जाब द्यावा लागतो.

इथे आणखी एक गोष्ट तुमच्यासारख्या अनुभवी प्रवाशांच्याही ध्यानात येत नाही. ज्या साखळीचं नाव दारावर असतं, ती साखळी बहुतेक वेळा त्या इमारतीची मालक नसते. मॅरियट, हिल्टन, हयात, आयएचजी या कंपन्यांच्या नावाने चालणारी बहुसंख्य हॉटेलं दुसऱ्याच कुणाच्या मालकीची आहेत. कंपनी ती चालवते किंवा फक्त नाव आणि आरक्षणाची व्यवस्था पुरवते. स्टेटस देते कंपनी आणि खोली देतो मालक. तुम्ही मुक्कामांवर साठलेले पॉइंट्स वापरून फुकट रात्र घेतलीत, तर कार्यक्रमाकडून हॉटेलला त्याबद्दल काही रक्कम मिळते. अपग्रेडबद्दल सहसा काहीच मिळत नाही. म्हणून हॉटेल तो स्वीट शेवटच्या क्षणापर्यंत विकायचा प्रयत्न करतं. मुक्कामाच्या काही दिवस आधी "थोडी रक्कम भरून वरची खोली घ्या" असा जो ईमेल येतो, तो याच प्रयत्नाचा भाग असतो. त्यासाठी स्वतंत्र सॉफ्टवेअर आहेत आणि तो आता मोठा धंदा झाला आहे. तुमच्या स्टेटसची स्पर्धा इतर सदस्यांशी आहेच, पण त्याआधी ती त्या ईमेलशी आहे.

शिवाय वरच्या श्रेणीवर आणखी वरच्या श्रेणी असतात. मॅरियटच्या बॉन्व्हॉय या कार्यक्रमात वर्षाला ५० रात्रींना प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम, आणि १०० रात्री व ठरावीक खर्च केला की अँबॅसेडर. ५० वाल्याला आपण शिखरावर आहोत असं वाटतं. यादीत मात्र त्याच्या वर दोन गट बसलेले असतात. तुमची साखळी कोणतीही असो, तिची शिडी एकदा नीट पाहा आणि आपण तिच्यावर कुठे उभे आहोत ते स्वतःला खरं सांगा.

तुम्ही हिशेबी माणूस दिसता, म्हणून हिशेबानेच बोलते. साखळीतल्या साध्या खोलीचा एका रात्रीचा दर १०० धरू, दुसऱ्या हॉटेलचा १३०. स्वीट मिळाला तर साध्या खोलीपेक्षा तो तुम्हाला ७० ने जास्त मोलाचा वाटतो असं समजू. हा आकडा तुम्ही तुमचा घाला. लांबच्या मुक्कामात तुम्हाला बारात एकदा स्वीट मिळाला आहे, म्हणजे त्या आशेची किंमत ७० भागिले १२, जेमतेम ६. तुम्ही ही आशा मनात बहुधा ५० ची धरून बसला आहात. सगळ्या ३१ मुक्कामांची सरासरी घेतली तरी ती १४ च्या वर जात नाही. आणि त्या सरासरीतले पाच स्वीट तुम्ही एकट्याने, रात्री उशिरा पोचून, सकाळी लवकर निघताना वापरलेत. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर तुम्ही बसलात तरी का?

साखळीच्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं. स्टेटसमुळे दोघांचा नाश्ता, लाउंज, दुपारी उशिरापर्यंत खोली ठेवायची मुभा या गोष्टी मिळत असतील, तर त्यांना किंमत आहे, आणि त्या स्वीटसारख्या हवेत नसतात. १०० विरुद्ध १३० मधलं अंतर त्यामुळे बऱ्यापैकी कमी होतं. फक्त तुम्ही निवडलेल्या हॉटेलच्या ब्रँडला ते लागू आहेत का, ते तपासा. साखळीच्या सर्वांत महागड्या ब्रँडमध्येच हे फायदे गळतात, असं अनेकदा घडतं. मॅरियटच्या कार्यक्रमात प्लॅटिनम सदस्याला बऱ्याच ब्रँडमध्ये नाश्ता मिळतो, पण त्यांच्याच रिट्झ-कार्लटन या महागड्या ब्रँडमध्ये तो त्या फायद्यात बसत नाही आणि तिथला क्लब लाउंजही स्टेटसवर उघडत नाही. हयातचा ग्लोबलिस्ट, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचा, सदस्य मात्र त्यांच्या महागड्या पार्क हयातमध्येही नाश्ता करतो. म्हणजे "मला स्टेटस आहे" एवढं पुरेसं नाही. कुठल्या दारावर आहे ते पाहावं लागतं.

आता दुसऱ्या बाजूला या. "तिथे मी कोणीच नसेन" हे तुमचं वाक्य माझ्या मनात राहिलं. त्यात खोलीच्या आकारापेक्षा मोठं काहीतरी आहे. वर्षानुवर्षं कामासाठी जो माणूस अनोळखी पलंगांवर झोपतो, त्याला कुणीतरी नावाने ओळखावं, "पुन्हा आलात, बरं वाटलं" म्हणावं, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. ते कार्ड म्हणजे तुमच्या त्या सगळ्या दमलेल्या रात्रींची पावती आहे. गेल्या वर्षी काउंटरवर तुम्ही भांडलात ते खोलीसाठी नव्हतं, असं मला वाटतं. बायकोसमोर, तिच्या वाढदिवशी, त्या पावतीला कुणी किंमत दिली नाही, हे तुम्हाला लागलं. मला त्याचं वाईट वाटतं, मनापासून. पण त्याच क्षणी शेजारी उभ्या असलेल्या तुमच्या पत्नीला काय दिसलं असेल? तिला दिसलं, की तिच्या दिवशी तिचा नवरा पाठ फिरवून एका यंत्रणेशी बोलतोय.

एरवी नाकारल्याचा राग दहा मिनिटांत विरतो. पण ज्या दिवसाभोवती अपेक्षा बांधलेल्या असतात, त्या दिवशी तो सगळ्या मुक्कामावर पसरतो. कामाच्या प्रवासात अपग्रेड हा निखळ आनंद असतो, कारण तुम्ही त्याची वाट पाहत नव्हतात. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला तुम्ही वाट पाहणार. मिळाला तर "मिळायलाच हवा होता", नाही मिळाला तर अपमान. या सौद्यात जिंकण्याची बाजूच फार छोटी आहे.

आणि "कोणीच नसेन" हे खरं आहे का, हेही तपासू. फोर सीझन्स, अमान, पेनिन्सुला यांच्याकडे पॉइंट्सची शिडीच नाही. तिथे पहिल्यांदा येणारा आणि दहाव्यांदा येणारा यांत फरक केला जातो, पण तो कार्डावर लिहिलेला नसतो. तो त्यांच्या नोंदींत असतो. उशी कुठली लागते, पडदे सकाळी उघडे हवेत की बंद, प्रसंग काय आहे. अशा हॉटेलांत सगळ्यांनाच मुळात चांगलं मिळावं, अशी किंमत आधीच लावलेली असते. पेनिन्सुलाकडे थेट आरक्षण केलं आणि आधी कळवलं, तर सकाळी सहाला खोली मिळू शकते आणि निघायच्या दिवशी रात्री दहापर्यंत ठेवता येते. तुमच्या साखळीत अशा सवलतीसाठी वर्षाच्या कितीतरी रात्री खर्ची पडतात. टोकियोतलं अमान पाहा. तिथे एकंदर ८४ खोल्या आणि सर्वांत साधी खोली ७१ चौरस मीटरची. पुष्कळ साखळी हॉटेलांचा स्वीटही एवढा नसतो. तिथे अपग्रेडचा प्रश्न कुणाला पडेल? तुमच्या मनातलं हॉटेल वेगळं असेल, पण ते नावाजलेलं असेल तर त्याचा मुद्दा हाच असणार : तळची खोलीच अशी, की तिथून वर जायची घाई वाटू नये.

निष्ठेविषयीही बोलायला हवं, कारण तुमचा प्रश्न त्याच शब्दावर उभा आहे. हे कार्यक्रम सुरू झाले ते १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने विमानप्रवासाचे मैल मोजायला घेतल्यावर. दोन वर्षांत, १९८३ मध्ये, हॉलिडे इन आणि मॅरियटने तीच कल्पना हॉटेलांत आणली. रिकाम्या जागा भराव्यात आणि गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाऊ नये, हा त्यामागचा सरळ व्यापारी विचार. त्यात वाईट काही नाही. तुम्ही रात्री दिल्यात, त्यांनी नाश्ता, पॉइंट्स आणि सहा स्वीट दिले. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी पुरा झाला आहे. आता चार रात्री दुसरीकडे राहिलात तर तुम्ही कुणाचा विश्वासघात करत नाही. निष्ठा हा शब्द वीस वर्षांच्या सोबतीसाठी राखून ठेवावा, असं मला वाटतं.

तरीही त्या चार रात्री डोळ्यांसमोरून हलत नसतील, हे मी जाणते. इथे तुम्ही पत्राच्या शेवटी घाईत लिहिलेली ओळ कामाला येते : पुढच्या वर्षी प्रवास निम्म्याहून कमी. मग हे टिकवलेलं स्टेटस तुम्ही वापरणार कधी? स्टेटस हा साठवून ठेवायचा दागिना नाही, तो मुदतीचा पास आहे. बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांत यंदा कमावलेली श्रेणी पुढचं वर्षभर आणि त्यानंतर साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. म्हणजे अशा कार्यक्रमात यंदा चार रात्री कमी पडल्या तरी तुमची आत्ताची श्रेणी ३१ डिसेंबरला संपत नाही, ती आणखी काही आठवडे राहते, आणि मग तुम्ही खालच्या पायरीवर येता. सगळं शून्य होत नाही. आपल्या सदस्यखात्यात मुदतीची तारीख लिहिलेली असते, ती बघा. पुढच्या वर्षी तुमचे किती मुक्काम असतील त्याचा अंदाज कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर टाका : नाश्ता लागेल का, उशिरा निघायची गरज पडेल का. दहा-बारा मुक्कामांच्या नाश्त्यासाठी वीस वर्षांतला हा एक मुक्काम बांधून घालावा का, ते त्या कागदावरच कळेल. आणि तरी श्रेणी हवीच असेल तर वर्ष संपेपर्यंत कामाच्याच प्रवासात चार रात्री बसतात का ते पाहा. केवळ रात्री भरायच्या म्हणून कुठेतरी जाऊन झोपायचं, याला नेहमीचे प्रवासी "मॅट्रेस रन" म्हणतात. ते कधीकधी परवडतं. पत्नीसोबतच्या मुक्कामाचा मॅट्रेस रन करू नका.

माझं मत उघड आहे : दुसरं हॉटेल घ्या. पण ते कसं घ्यायचं हे महत्त्वाचं आहे. लक्झरी हॉटेलांशी करार असलेले प्रवास सल्लागार असतात. व्हर्चुओसोसारखं त्यांचं जाळं आहे, आणि फोर सीझन्ससारख्या कंपन्यांचे सल्लागारांसाठी स्वतःचे कार्यक्रम आहेत. त्यांच्यामार्फत आरक्षण केलं, तर बहुधा हॉटेलच्याच दरात दोघांचा रोजचा नाश्ता आणि हॉटेलात खर्च करायला काही रक्कम मिळते, आणि जागा असेल तर वरची खोली. सल्लागाराचं कमिशन सहसा हॉटेल देतं. म्हणजे साखळीच्या बाजूने मघाशी आपण जो नाश्ता मोजला, तो इथेही आला. या मार्गाने आलेला पाहुणा सकाळच्या यादीत "कुणीच नाही" असा नसतो. त्याच्या नावासमोर सल्लागाराचं नाव असतं, आणि तो सल्लागार वर्षाला आणखी तीस जणांना पाठवणार असतो. हे मी पलीकडच्या बाजूने पाहिलं आहे.

खोली ठरवताना मात्र तारे आणि मानांकनं बाजूला ठेवा. २०२४ पासून रेस्टॉरंटांना तारे देणारं मिशेलिनही हॉटेलांना किल्ल्यांचं मानांकन देऊ लागलं आहे, ते चांगलंच आहे, पण कुठलंच मानांकन तुमच्या मजल्यावरच्या तुमच्या खोलीबद्दल बोलत नाही. चौरस मीटर बघा, खोलीचा आराखडा मागवा, खिडकी कुठल्या बाजूला आणि समोर काय आहे ते विचारा. खोल्यांच्या प्रकारांची नावं फसवी असतात. एकच खोली तीन मजले वर असली की तिला वेगळं नाव आणि वेगळा दर. साखळ्यांमधली कितीतरी अपग्रेड अशीच असतात : कागदावर एक पायरी वर, प्रत्यक्षात तीच खोली, थोडं जास्त आकाश.

वरची खोली नेहमी चांगली असते, हेही गृहीत धरू नका. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन एका मोठ्या हॉटेलात गेले होते. शॉवर सपाट जमिनीवर असलेली खोली मी मुद्दाम शोधून घेतली होती. काउंटरवर माझ्या श्रेणीमुळे आम्हाला मोठ्या आनंदाने स्वीट दिला गेला आणि मीही हुरळून तो घेतला. बाथरूममध्ये उंच काठाचा टब होता, शॉवर त्याच्या आत, धरायला काही नाही. आईच्या गुडघ्यांना तो काठ ओलांडवेना. पहिल्या रात्री ती म्हणाली, "छान आहे हो खोली," आणि अंघोळ न करताच झोपली. दुसऱ्या दिवशी आम्ही खाली आमच्या साध्या खोलीत परत गेलो. ज्यांच्यासोबत वयस्क माणसं, लहान मुलं किंवा हलकी झोप असणारं कुणी आहे, त्यांनी अपग्रेड स्वीकारण्याआधी खोली पाहून यावी. "आधी एकदा बघू का?" असं विचारलं तर कुणीही नाही म्हणत नाही.

आता समजा, सगळा विचार करूनही तुम्हाला साखळीतच राहायचं आहे, किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला पर्यायच नाही. तर मग स्वीट नशिबावर सोडू नका, तो आधी नक्की करा. सरळ पैसे देऊन घेता येतो का पाहा. साध्या खोलीच्या १०० ऐवजी पहिल्या पायरीचा स्वीट १३०-१४० ला मिळत असेल, तर तुमचा प्रश्नच संपला. किंवा आधी नक्की होणारी अपग्रेडची कूपनं साठली आहेत का ते पाहा. ती साध्या "उपलब्धतेनुसार"पेक्षा फार वेगळी असतात. हयातमध्ये रात्रींचे ठरावीक टप्पे गाठल्यावर जे स्वीट अपग्रेड मिळतं, ते आरक्षणाच्या वेळीच लावता येतं आणि एक कूपन सात रात्रींपर्यंत चालतं. मॅरियटची नाइटली अपग्रेड अवॉर्ड्स रात्रीमागे एक लागतात, आणि ती मिळाली की नाही हे मुक्कामाच्या पाच दिवस आधीपासून कळू लागतं. तुमच्या पत्नीला निघण्याआधी खोली माहीत हवी आहे. तिच्यासाठी या दोन पद्धतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि स्टेटसवर विसंबून राहायचंच असेल, तर तारखा हलवता येतात का बघा. ज्या शहरात कामाची गर्दी असते तिथे मंगळवार-बुधवार भरलेले आणि रविवार रिकामा. पर्यटकांच्या शहरात शुक्रवार-शनिवार भरलेले. ज्या हॉटेलात स्वीट जास्त आहेत ते निवडा. आरक्षण साखळीच्या ॲपवरून किंवा संकेतस्थळावरूनच करा, कारण मधल्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून घेतलेल्या खोलीला स्टेटसचे फायदे बहुधा लागू होत नाहीत. तीन-चार दिवस आधी हॉटेलला छोटा ईमेल पाठवा. त्यात आपली श्रेणी मिरवू नका, ती त्यांना दिसतेच. काय हवं ते नेमकं लिहा. "स्वीट मिळाला तर आनंद होईल, नसेल तर वरच्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांब, मोठ्या खिडकीची खोली द्यावी. लग्नाचा विसावा वाढदिवस आहे. दुपारी चारच्या सुमारास पोचू." असा ईमेल मी यादी लावताना वाचला, की त्या माणसासाठी काहीतरी करावंसं वाटायचंच, कारण काय केलं तर तो खूश होईल हे मला कळलेलं असायचं. काउंटरवर मात्र एकदाच विचारा : "वरची काही खोली मोकळी आहे का, आणि पैसे भरून घ्यायची तर किती फरक पडेल?" उत्तर "नाही" असं आलं तर किल्ली घ्या आणि वर जा. चार वाजता काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीने सकाळची यादी बहुधा पाहिलेलीही नसते. निर्णय केव्हाच झालेला असतो.

दोन रात्री इकडे, दोन रात्री तिकडे असा मधला मार्ग काही जण सुचवतील. चार रात्रींत सामान बांधून मधला अर्धा दिवस रस्त्यात आणि लॉबीत घालवणं मला पटत नाही. आठ रात्री असत्या तर मी वेगळं बोलले असते.

राहता राहिली तुमची पत्नी. तिने दोन गोष्टी मागितल्या आहेत, दोन्ही स्पष्ट आणि दोन्ही सहज होण्याजोग्या. तुमच्या पत्रात या दोन ओळी सोडल्या तर ती कुठे बोललेली नाही, हे मला खटकलं. दोन्ही हॉटेलांच्या खोल्यांचे फोटो आणि आराखडे तिच्यासमोर ठेवा आणि श्रेणी, पॉइंट्स, रात्री यांबद्दल एक शब्दही न बोलता विचारा, यांतल्या कुठल्या खोलीत सकाळी जाग यावीशी वाटते. गेल्या वर्षीच्या संध्याकाळबद्दल तिच्याशी कधी बोलला नसाल तर त्याच वेळी बोला. ती आठवण दोघांपैकी कुणीच विसरलेलं नसणार. मग तिने निवडलेल्या खोलीचं, फुकट रद्द करता येईल अशा दराने, आजच आरक्षण करून टाका. डिसेंबरमधल्या मोठ्या खिडकीच्या खोल्या लवकर संपतात. खोलीच्या प्रकाराचं नेमकं नाव लिहून पक्कं झाल्याचं पत्र हॉटेलकडून मागवा आणि ते तिच्या फोनवर पाठवा.